त्या दुसऱ्या पैलवानाचं नाव

"मॅडम, पोरगा आमचा वाईट न्हाई. पण ज्या पोराचा जीव गेला, त्यालाच शिव्या घालालाय. असलं कसं हो झालं ह्याचं?"

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. बाहेर पावसाची रिपरिप, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या आईच्या छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिने फोनमधला फोटो दाखवला. भिंतीवर पैलवान सुशील कुमारचं पोस्टर. खांद्यापासून कमरेपर्यंत उभं फाटलेलं आणि ती फाट खाकी चिकटपट्टीने जोडलेली. जोडताना मेडलची रिबन रेषेत यावी म्हणून पट्टी दोनदा उचलून परत लावली होती, कागदाचे पापुद्रे निघालेले फोटोतही कळत होते. फाडलं वडिलांनी, जोडलं पोराने. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

पोरगा सतरा वर्षांचा, तालमीतला. त्याला आपण नुसतं पैलवान म्हणू. तालमीत सगळे एकमेकांना तसंच म्हणतात. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदललेत आणि लिहिण्याआधी तिघांनाही विचारलं आहे.

ज्यांना कुस्तीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली, त्यात एक तरुण पैलवान गेला. त्या महिन्याच्या २३ तारखेला सुशीलला अटक झाली. आरोप त्याने नाकारले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि १३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून आठवड्याच्या आत शरण यायला सांगितलं. खटला तेव्हा चालूच होता. मार्चमध्ये आमच्या पैलवानाने तालमीत पेढे वाटले होते. ऑगस्टमध्ये वडिलांनी पोस्टर फाडलं.

माझ्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी क्रिकेटर असतो, कधी फुटबॉलवाला. "मुलीच्या आवडत्या खेळाडूवर बलात्काराचा आरोप झाला आणि ती त्याचीच बाजू घेते, आम्ही कुठे चुकलो?" असं एक सुशिक्षित बाबा विचारून गेले होते. सगळ्यांच्या मनातली भीती एकच. आपलं मूल आतून निर्दय आहे का?

बहुतेक वेळा नसतं. ते घाबरलेलं असतं.

सुशील दिल्लीकडचा, मग कोल्हापुरातल्या पोराने त्याला एवढं का डोक्यावर घ्यावं, असं बाहेरच्यांना वाटेल. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं १९५२ साली. खाशाबा राजाराम कॉलेजचे, म्हणजे आमचेच. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं पुढचं पदक आलं ते थेट २००८ मध्ये बीजिंगला, सुशीलचं. छप्पन वर्षं. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या पायऱ्यांवर बसून म्हातारे झालेल्या माणसांनी ती छप्पन वर्षं मोजली होती. २०१२ ला लंडनमध्ये त्याने रौप्य घेतलं तेव्हा तर विचारू नका.

मीही त्यातलीच. लंडनची ती सेमीफायनल आमच्या घरी सगळ्यांनी एकत्र पाहिली होती. कझाकस्तानच्या मल्लाने नंतर ओरड केली की सुशीलने माझा कान चावला. सुशील नाही म्हणाला. आमच्या घरात सात माणसं होती, एकानेही "असेल का रे?" असं म्हटलं नाही. सासरे म्हणाले, "हरलं की कान दुखतोच." आणि आम्ही खो खो हसलो.

पहिल्या भेटीत मी चूक केली. पैलवान खुर्चीच्या कडेवर बसला होता, मान खाली, डावा कान तुटून गड्डा झालेला. मी त्याला कायदा शिकवायला घेतला. जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला नव्हे, जामीन रद्द झाला म्हणजे दोषी ठरला नव्हे, आरोपपत्र वेगळं, निकाल वेगळा. बाहेर असताना साक्षीदारांवर दबाव येण्याची धास्ती हाही कोर्टाचा मुद्दा होता, हेही सांगितलं. अक्षर न् अक्षर बरोबर. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी पण त्यांच्यातल्याच की." उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पैलवान रागात असला तरी नमस्कार चुकवत नाही.

दुखऱ्या माणसाला आधी माहिती द्यायची नसते, हे मी दुसऱ्यांना शिकवते. असो.

दुसऱ्या वेळी मी एवढंच विचारलं, "ते पोस्टर तुला कुणी दिलं?"

मग तो बोलायला लागला. अकराव्या वर्षी राधानगरीकडच्या गावातून त्याला तालमीत आणून सोडलं होतं. पहिला महिना रोज रात्री रडायचा, तोंडात लंगोटाचा बोळा धरून, म्हणजे आवाज जायला नको. वस्तादांनी एका रात्री ओळखलं. रागावले नाहीत. गोष्ट सांगितली, की सुशील पोरवयात छत्रसालला आला तेव्हा तिथं एका गादीवर दोन पोरं झोपायची आणि एका खोलीत वीस. तोही घर सोडूनच आला होता. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी पोस्टर आणून दिलं. "त्या दिवसापास्नं रडलो न्हाई," पैलवान म्हणाला.

आता बघा, अशा पोराला आपण सांगतो, "तो खुनी निघाला." त्याला ऐकू येतं, तुझं न रडणं खोटं होतं. तो मान्य कसं करील? रात्रीचा आधारच काढून घेतल्यासारखं आहे ते. मग तो आधार वाचवायला बुद्धी धावते. पुरावे बनावट, पोलिस विकलेले, मेलेलाच वाईट.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणतात, हरला की 'ते हरले'. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला अमेरिका नको. फुटबॉलची मॅच बघून शाहू स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्या पेठेतल्या पोरांचं बोलणं ऐका. 'आपण मारली' आणि 'त्यांनी घालवली'. पण ज्याच्याबरोबर दहा वर्षं 'आपण' म्हटलंय, त्याला एका रात्रीत 'तो' कसं म्हणायचं? त्याच्यावरचा आरोप मग आपल्यावरचा आरोप होतो आणि फॅन वकील होतो.

मी पैलवानाला विचारलं, "गेला त्या मुलाचं नाव काय?"

"कोण तर... दिल्लीचा हुता. सरळ नव्हता म्हणं त्यो. रीलमध्ये सांगालते."

सुशीलची वजनं, वर्षं, २०१० च्या मॉस्कोतल्या विश्वविजेतेपदाचा डाव, सगळं त्याला तोंडपाठ होतं. या मुलाचं नाव मात्र नाही. त्याला कशाला नावं ठेवायची, वर सगळी हकीकत सांगताना मीही ते लिहिलेलं नाही. सागर धनखड. ज्युनिअर गटातला राष्ट्रीय विजेता. त्याच छत्रसालच्या मॅटवर घाम गाळलेला.

"म्हंजे पैलवानच हुता?"

"हो. तेविशीतला."

तो गप्प झाला. मी पाणी दिलं, प्यायला नाही. मग मी त्याच्या जोडीदाराचं विचारलं, रोज कुणाबरोबर लढत करतोस? तर त्याचा चेहराच बदलला. जोडीदार गडहिंग्लजकडचा, याच्याहून तीन वर्षांनी मोठा, घोरतो, याचे बदाम चोरून खातो, पट काढताना याचं बोट मोडलं तेव्हा सायकलवरून दवाखान्यात घेऊन गेला. आधी दोघं एकाच चटईवर झोपायचे. बोलता बोलता तो थांबला आणि कितीतरी वेळ हाताच्या त्या वाकड्या बोटाकडे बघत राहिला. मी काहीच बोलले नाही. घड्याळात वेळ संपून दहा मिनिटं झाली होती आणि बाहेर पुढच्या भेटीच्या बाई खोकत होत्या.

जाताना म्हणाला, "त्याचं पण पोस्टर असंल न्हवं कुणाच्या तरी भिंतीवर."

वडिलांना मी वेगळं बोलावलं. शिरोलीच्या फाउंड्रीत काम, नखांत काळं बसलेलं, बोलणं तोडून. त्यांचं मत ठाम होतं, "आरोप झालाय म्हंजे काय तरी केलंच असणार. आग न्हाई तर धूर कसा?" त्यांना मी नेपाळच्या संदीप लामिछानेचं सांगितलं. क्रिकेटर. बलात्काराच्या खटल्यात जानेवारी २०२४ मध्ये खालच्या कोर्टाने त्याला आठ वर्षांची शिक्षा दिली, मे महिन्यात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. दोन्ही दिवशी कोणीतरी पेढे वाटलेच असतील. आणि आपला नवज्योत सिद्धू. भांडण १९८८ चं, त्यात एक माणूस गेला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हजार रुपये दंडावर सोडलं, २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने वर्षाची कैद दिली. कोर्टालाच एवढी वर्षं लागतात, तिथं तुम्ही पोस्टर एका सेकंदात फाडलंत.

मग मी माझं नेहमीचं वापरलं. पेठेची अदलाबदल करून बघा. समजा समोरच्या पेठेच्या खेळाडूवर हाच गुन्हा दाखल झालाय, मग काय म्हणाल? आणि आपल्या पेठेच्या असता तर? वडील फुटबॉलचे दर्दी. जरासे हसले. "आपला असता तर धक्का लागला म्हटलं असतं." ही अदलाबदल फॅनला करायला लावली की तो वकिली सोडतो, असा माझा अनुभव. लगेच नाही, पण सोडतो.

पण हसून झाल्यावर ते उठले नाहीत. बराच वेळ टोपीशी चाळा करत बसले. मग खरं बाहेर आलं. जूनमध्ये तालमीबाहेर एक गाडी आली होती. कुठल्यातरी जमिनीचा वाद, मोजणीच्या दिवशी दोन-चार धिप्पाड पोरं पाहिजे होती. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पाचशे रुपये आणि रात्री तांबडा-पांढरा. पैलवान गेला होता. वडिलांना फाउंड्रीतल्या कुणाकडून कळलं, बायकोला त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, त्यो दिल्लीचा काय का करंना. माझा पोरगा गाडीत बसला हो."

म्हणजे फाडायचं वेगळंच होतं, फाडलं पोस्टर. माझ्या कामात हे रोजचं आहे. टीव्हीवरच्या माणसावरून घरात भांडण पेटतं तेव्हा तो माणूस बहुधा नुसता खुंटी असतो. दोघांनी आपापली भीती त्याच्यावर टांगलेली असते. म्हणून पालक विचारतात, "त्याला कसं पटवू?", तेव्हा मी म्हणते, पटवू नका. खेळाडू चांगला की वाईट यावर मुलाशी वाद घालाल तर मुलगा जिंकेल, त्याची माहिती तुमच्यापेक्षा दहापट जास्त असते. पोस्टरवर हात टाकू नका, आणि "जाऊ दे, मोठ्या माणसांचं असतंच" असंही म्हणू नका. त्याला विचारा, या माणसाने तुला काय दिलं? ते त्याचं त्याच्याकडे राहू दे. २००८ चं पदक कुठलं कोर्ट काढून घेत नाही. मग विचारा, पलीकडे कोण होतं? हा दुसरा प्रश्न फॅनला आजवर कुणी विचारलेला नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट आईच बोलून गेली, तीही जाता जाता, छत्री उघडताना. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया या पैलवानांनी कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले आणि मे महिन्यात पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले, ते तिच्या लक्षात होतं. "त्या पोरींची मेडलं बघून कोण म्हटलं न्हाई की मेडलवाली खोटं कशाला बोलंल? नाटक हाय म्हटलं. आन् गड्याचं मेडल बघून म्हणत्यात, त्यो असलं करायचाच न्हाई." मी वहीत लिहून घेतलं. पुस्तकातून मला हे इतकं सरळ कधी कळलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीला तिघं एकत्र आले. गाडीची गोष्ट पोराने स्वतः आईला सांगितली. ती रागावली, रडली, मग पाठीत एक धपाटा घातला. वडिलांनी पोस्टर फाडल्याबद्दल माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडचे बाप मागत नाहीत. "चिकटपट्टी नीट बसली न्हाई ती," एवढं म्हणाले. पैलवान म्हणाला, "बसंल."

सुशीलविषयी त्याचं मत बदललं का, तर मी विचारलंच नाही. एकदा आपणहून म्हणाला, "केलं असंल तर केलं असंल. लई वाईट वाटालंय पण." त्या 'असंल'पर्यंत यायला त्याला चार वर्षं लागली होती. मला तेवढं पुरे होतं.

दिवाळीनंतर आईचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. जावेच्या मुलीला माझ्याकडे आणायचं होतं. बोलता बोलता म्हणाली, ती गाडी परत आली होती, या खेपेला थेट घराखाली. हॉर्न वाजला तसा पोरगा खाली गेला. ती वरून गॅलरीतून बघत होती, काळीज हातात धरून. तो गाडीच्या काचेशी वाकून काहीतरी बोलला, हात जोडले आणि गाडी निघून गेली.

"काय म्हणाला?"

"काय की. वर आला, बदाम भिजत घातलं आन् झोपला."