शाखांमधली छपाई: आधी राउटर बघा

मुख्य ऑफिसातून शाखेतल्या प्रिंटरवर छापायचंय? प्रिंटर कुठला घ्यायचा ते नंतर बघू. आधी प्रत्येक शाखेच्या राउटरचा आयपी पत्ता बघा. सगळीकडे १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर व्हीपीएन (दोन ऑफिसांची नेटवर्कं इंटरनेटवरून खाजगीपणे जोडणारी सोय) जोडूनही मुख्य ऑफिसचा संगणक शाखेतला प्रिंटर आपल्याच नेटवर्कात शोधत बसतो. मी यात अख्खा रविवार घालवलाय. तिसरा आकडा एका शाखेत १०, दुसरीत २० असा वेगळा ठेवा, आणि प्रिंटरचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवा; नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो आणि फोन तुम्हालाच येतो.

कोणी म्हणेल, ‘व्हीपीएन कशाला, ९१०० पोर्ट बाहेरून उघडा की!’ अजिबात नको. त्या पोर्टवर, म्हणजे छपाईचं काम आत घेणाऱ्या दारावर, प्रिंटर सहसा पासवर्ड विचारत नाही, कुणीही तुमचे कागद संपवेल.

फुकटच्या क्लाउड सेवेवर सगळा भार टाकू नका. गूगलने क्लाउड प्रिंट २०२० च्या अखेरीस बंदच केलं.

आणि हो, प्रिंटरच्या नावात शाखेचं नाव घाला. पगाराची यादी भलत्याच काउंटरवर छापून निघाली, की फोन करून ‘तो कागद जरा उलटा ठेवा’ म्हणावं लागतं.