गटात कुणी बोललंच नाही तर?

ऑक्युपेशनल थेरपीची (रोजच्या कामांतून रुग्णाला पुन्हा उभं करणारी उपचारपद्धती) एक इंटर्न माझ्याकडे समुपदेशनाला आली, तेव्हा तिची पोस्टिंग मानसोपचार विभागात चालू होती. बुधवारी ग्रुप घ्यायचा, म्हणजे रुग्णांना एकत्र बसवून काम आणि बोलणं करून घ्यायचं, या धास्तीने मंगळवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. "मी विचारते, कसं वाटतंय? सगळे म्हणतात, बरं वाटतंय. मग मीच बोलत सुटते. मॅडम, मला हे जमणारच नाही बहुतेक." या वर्षात ही भीती खूप मुलामुलींना असते. बहुतेकदा खोट त्यांच्या स्वभावात नसते, ग्रुपच्या आखणीत असते.

म्हणून स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून मागचा ग्रुप कागदावर मांडायला सांगितला. १४ जण, ४० मिनिटं, काम कागदी पिशव्यांचं. वेळ दुपारी अडीचची, म्हणजे जेवण आणि गोळ्या झाल्यावरची. निम्मे पेंगत होते. औषधांमुळे काहींचे हात थरथरतात, त्यांना कात्री धरवेना. पिशव्या होईपर्यंत ३५ मिनिटं गेली. त्यात चार नातेवाईकही आत बसलेले. आई शेजारी असताना मुलगा घरातली अडचण सांगेल कशी?

नातेवाईकांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा होता, कारण तिने दोन वेगळे गट एकत्र केले होते. उपचारगटात थेरपिस्ट प्रत्येकाचं उद्दिष्ट ठरवते, पाहते, नोंदवते. आधारगटात एकाच दुखण्यातून गेलेली माणसं एकमेकांना धरून असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आजही सभासदच चालवतात. तिथे तपासणारं कुणी नसतं. रुग्णांची काळजी घेणाऱ्या या नातेवाईकांना हवा होता तो असा गट, वेगळ्या दिवशी.

पुढच्या ग्रुपची आखणी तिनेच केली. आठ जण, सकाळी अकराला, गोल बसून. पाच मिनिटं ओळख, १५ मिनिटं काम, २० बोलणं, पाच समारोप. कागद आधीच कापून ठेवायचे. तरी कात्री लागलीच, तर एखादी कुणाकडे राहू नये म्हणून सुरुवातीला आणि शेवटी मोजायची. साहित्य किती ठेवायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. एकमेकांकडे अजून पाहतही नसलेल्यांना प्रत्येकी डिंकाची बाटली द्यावी. थोडे रुळले की आठ जणांत दोनच ठेवाव्यात; मग मागावं लागतं, थांबावं लागतं, आणि बोलणं तिथेच सुरू होतं.

प्रश्नही हातातल्या कामाचा हवा. "पिशवीचं बूड चिकटवताना कुणाला अडलं? मग काय केलंत?" त्यानंतर, "घरी असं अडलं की कुणाला हाक मारता?" प्रश्न टाकून मनात दहापर्यंत मोजायचं. ही शांतता शिकणाऱ्याला फार लांब वाटते, पण औषधांवर असलेल्या माणसाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागू शकतो.

"आणि कुणी रडलं तर?" हा तिचा शेवटचा प्रश्न. लगेच पाणी पुढे करून गप्प करू नये. "थांबू या का, की बोलायचंय?" असं विचारावं. बाहेर जायचं असेल तर सोबत सहकारी द्यावा. म्हणून ग्रुप एकटीने घ्यायचा नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगावं, पण त्याचा अपवादही तेव्हाच सांगावा: जीव देण्याचं कुणी बोललं, तर ते त्याच दिवशी वॉर्डच्या डॉक्टरांना कळवायचं.