बाइव फोडू नकोस

चि. मुली,

तुझा मेल तीनदा वाचला. अनुवादात आयरिश ‘बाइव’ला मराठीत काय म्हणू: डोमकावळा, हडळ की रणचंडी? वर तीन रकान्यांचा तक्ता. तो आधी फाडून टाक.

आयरिश कोशात या एका शब्दाखाली युद्धाची देवी आहे, मढी टोचणारा कावळा आहे आणि कजाग बाईसुद्धा. तू त्याचे तीन अर्थ केलेस. कुंपणावर तो पक्षी येऊन बसला की तिथल्या म्हातारीच्या पोटात जे गलबलायचं, तो एकच अर्थ. शब्द फोडू नकोस.

पक्षी तरी पाहिलास का? आपला डोमकावळा काळाकुट्ट. हा आयरिश अंगाने राखाडी. डोकं, पंख, शेपूट तेवढी काळी. बंडी घातल्यासारखा दिसतो. नवजात कोकरांचे डोळे टोचतो म्हणून मेंढपाळ त्याच्या नावाने बोटं मोडतात. आयरिश दंतकथेतला वीर कू खुलिन, त्याची गोष्ट तुला पाठ आहे. मरताना उभं राहता यावं म्हणून त्याने स्वतःला शिळेला बांधून घेतलं, आणि शत्रूची जवळ जायची छाती होईना. खांद्यावर पक्षी उतरला तेव्हा कुठे तो मेल्याचं त्यांना पटलं. डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसात ऑलिव्हर शेपर्डने केलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, ब्रिटिशांविरुद्धच्या 1916च्या उठावाचं स्मारक म्हणून 1935मध्ये बसवलेला. त्याचा फोटो शोधून बघ. खांद्यावर कावळा आहे की देवी? सांग ना!

‘हडळ’ मी माझ्या अनुवादात लिहून बसलोय. तीस वर्षं झाली. आयर्लंडात वेक्सफर्ड-वॉटरफर्डकडे घरात मरण यायचं असलं की रात्री रडणारी जी बॅनशी, तिला तिकडे ‘बाव’ म्हणतात, हाच शब्द. मी हडळ केली. एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारलं, ‘तिचे पाय उलटे होते का?’ बाव झपाटत नाही गं, घराण्यासाठी रडते. मुदत डोक्यावर होती, समोर इंग्रजी प्रत होती, तिच्यातूनच पक्षी उडालेला होता. मला कोण सांगणार होतं? तरी ते पोस्टकार्ड अजून खणात आहे.

आणि पिंडाला शिवणारा कावळा मधे आणू नकोस. तो माणूस गेल्यावर येतो, बाइव आधी येते. एवढा फरक तुला कळायला हवा होता.

आपल्याकडचं हवंच असेल तर पिंगळा घे. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड, आणि पहाटे कंदील घेऊन दारात भविष्य सांगणाराही पिंगळाच. आई अंथरुणातून म्हणायची, ‘पिंगळा बोलला.’ कुठला, हे आम्ही कधी विचारलं नाही. अंगावर काटा आला की झालं. आईने शब्द फोडला नाही, तू का फोडतेस?

‘बाइव’च ठेव. पहिल्यांदा येईल तेव्हा तिला भिंतीवर बसव, ती राखाडी बंडी दाखव, मग रडू दे. संपादक तळटीप मागतील. देऊ नकोस. मी दिली असती, पण माझं सोड.

रविवारपर्यंत दुसरा खर्डा पाठव.

ता. क. 1974 साली वॉटरफर्डच्या डनमोर ईस्ट बंदरात आपला राखाडी मानेचा गावकावळा, बहुधा जहाजावरून, जाऊन पोचला होता. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्याला काय म्हटलं असेल, हे मला अधूनमधून सुचत राहतं.