भुईचाफ्याची कुंडी रिकामी करू नका

पानं डिसेंबरात पिवळी पडून गेली, रोज पाणी घालूनही काही फुटत नाही, गेल्या चैत्रात फूलही आलं नाही, मग कुंडी रिकामी करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून करू नका. आधी पाणी थांबवा.

भुईचाफा आलं-हळदीच्या कुळातला, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. पावसाळाभर पानं असतात, दिवाळीनंतर ती सुकतात आणि कंद जमिनीखाली विश्रांती घेतो. कडेची माती हलकेच उकरून बघा. कंदाच्या मुळांच्या टोकांना बोराएवढे रसरशीत गोळे दिसतील. हिवाळ्याची बेगमी त्यांतच असते, म्हणून या दिवसांत वरून पाणी लागत नाही. उलट ओल्या गार मातीत कंद सडतो. मऊ पडलेला, वास येणारा भाग कापून टाका, काप सुकू द्या आणि कोरड्या मातीत दोन बोटं खोल लावा.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चात कोंबांची टोकं दिसली, की थोडं थोडं पाणी सुरू करा. एकही पान नसताना थेट मातीतून फूल येतं: पांढऱ्या लांबट पाकळ्या, मध्ये जांभळट रंग, आणि सुगंध असा की वाकून घ्यावाच. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागून दुसरी येत राहतात.

पुढच्या चैत्रातली फुलं मात्र पावसाळ्यातल्या पानांवर ठरतात. पानं जितकी धष्टपुष्ट, तितका कंद भरतो. तेव्हा शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत भरपूर द्या, गोगलगायी वेचा, आणि पिवळी पडेपर्यंत पानं कापू नका. सावली हवी, अंधार नको. आंब्याखालचा कवडसा किंवा सकाळचं कोवळं ऊन उत्तम. दुपारच्या उन्हात पानं करपतात. माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी ठेवा.

कंद दरवर्षी वेगळे करायची घाई नको, दाटीतच तो छान फुलतो. वेगळे करायचेच तर कोंब फुटण्याआधी, आणि प्रत्येक तुकड्याला ते गोळे राहतील असे.

एक शंका राहते. तुमच्या झाडाची पानं उभी होती ना, वर चंदेरी नक्षी आणि खालून जांभळी? जमिनीला चिकटून पसरलेली असतील, तर ते चंद्रमूळ, म्हणजे भुईचाफ्याचंच भावंड असलेलं दुसरं झाड असेल. त्याला फुलं पावसाळ्यात येतात, चैत्रात वाट बघून उपयोग नाही. पानांचा जुना फोटो असेल तर पाठवा.