विंडोज सोडून लिनक्स मिंटवर येताय? आधी एवढं करा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून 'आता जुन्या लॅपटॉपचं काय करू?' हा प्रश्न बरेच जण विचारतात. जुना लॅपटॉप भंगारात काढू नका. ४ जीबी रॅम असली तरी मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) नीट चालतं.

लगेच इन्स्टॉल मात्र करू नका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय ना? तुमच्या डिस्कला धक्काही लागत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बॅकअप न घेता 'इरेज डिस्क' (अख्खी डिस्क पुसणारा पर्याय) निवडतात. फोटो गेले की गेले. (मीही एकदा रडलोय.)
- नेटवरून .exe फाइल उतरवतात. इथे सगळं 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून घ्यायचं.
- कुठलीही कमांड न वाचता टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवतात.

मराठीची काळजी नको, कीबोर्ड लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड) आहे. जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड नसलेल्या फाइली मात्र आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि टॅलीवर पोट असेल तर विंडोज राहू द्या, त्याच मशीनवर मिंट शेजारी टाका.

पहिला आठवडा चिडचिड होईल. पण अपडेटसाठी मशीन मध्येच रीस्टार्ट होणार नाही, हे सुख लगेच कळेल. टाइमशिफ्ट (सिस्टिम बिघडली तर आधीच्या स्थितीत परत नेणारं साधन) पहिल्याच दिवशी चालू करा.