हस्तिदंती जॉइंटची क्यू घरी आणण्यापूर्वी

प्रश्न : परदेशातील एका संग्राहकाकडून मी नामवंत अमेरिकी कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांनी घडवलेली पूल क्यू (बिलियर्ड्ससारख्या ‘पूल’ खेळाची काठी) विकत घेतली. तिचे दोन भाग जोडणारा जॉइंट आणि बटाच्या, म्हणजे मागच्या जाड भागाच्या, टोकाची चकती हस्तिदंती आहे. शाफ्टच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकाची नळी (फेरूल) तडकली होती म्हणून विक्रेत्याने हस्तिदंताचीच नवी बसवून दिली. आठ महिने ती तेथील नातेवाइकाकडे पडून आहे. मला ती विकायची नाही. त्याने सामानातून आणली तर परवाना लागेल का?

उत्तर : लागेल. ‘विकायची नाही, स्वतःसाठी आहे’ असे सांगणारी पत्रे मला वारंवार येतात, आणि गैरसमज प्रत्येक वेळी एकाच कलमाविषयी असतो. साइटिस (संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) कराराच्या अनुच्छेद ७, परिच्छेद ३ मध्ये वैयक्तिक व घरगुती वस्तूंना सूट आहे, हे खरे. पण त्याच परिच्छेदाचे पहिले उपकलम सांगते की, परिशिष्ट १ मधील, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीतील, प्रजातीची वस्तू मालकाने आपल्या नेहमीच्या निवासाच्या देशाबाहेर मिळवली असेल आणि ती त्या देशात आणली जात असेल, तर ही सूट मिळत नाही. आशियाई हत्ती १९७५ पासून, आणि आफ्रिकी हत्ती दक्षिणेकडील काही देशांचा अपवाद वगळता जानेवारी १९९० पासून, परिशिष्ट १ मध्ये आहे. तुमचे प्रकरण त्या उपकलमात जसेच्या तसे बसते.

मार्ग उरतो तो परिच्छेद २ चा. वस्तूतील हस्तिदंत करार लागू होण्यापूर्वीचा आहे, अशी निर्यात करणाऱ्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री पटली, तर ते तसे प्रमाणपत्र देते. आफ्रिकी हत्तीसाठी निर्णायक दिनांक २६ फेब्रुवारी १९७६ आहे. बालाबुश्का डिसेंबर १९७५ मध्ये वारले. म्हणजे क्यू खरोखर त्यांच्या हातची असेल, तर तिच्यातला मूळ आफ्रिकी हस्तिदंत त्या दिनांकाआधीचाच असणार. इतका सरळ पुरावा फार थोड्या संग्राहकांच्या वाट्याला येतो. मात्र त्यांच्या नावाने नकली क्यूही विकल्या जातात, त्यामुळे जाणकाराचे लेखी मत हवे. तुम्ही घेतलेल्या पावतीवर ‘जुनी पूल क्यू, एक नग’ एवढेच आहे! वजन आणि टेपरची (निमुळतेपणाची) चौकशी तुम्ही बारकाईने केलीत, पण कारागीर, साल आणि पूर्वीचे मालक यांविषयी एक ओळ मागून घेतली नाहीत. ती आजच मागा. विक्रेत्याची आठवण आणि त्याची जुनी कागदपत्रे तुमच्यासाठी थांबून राहणार नाहीत.

सगळे अडते ते फेरूलपाशी. हस्तिदंताचे वय क्यूच्या वयावरून ठरत नाही. तो तुकडा निसर्गातून केव्हा घेतला गेला, आणि ते सिद्ध होत नसेल तर तो कोणाच्या ताब्यात पहिल्यांदा केव्हा होता, हे पाहिले जाते. अलीकडे बसवलेल्या फेरूलविषयी यातले काहीही सांगता येत नसेल, तर बोटाच्या पेराहून लहान त्या नळीपायी सबंध अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सुदैवाने क्यू जॉइंटपाशी उघडते. शाफ्ट तेथेच ठेवा, अर्ज फक्त बटासाठी करा आणि इकडे मेपलच्या लाकडाचा नवा शाफ्ट कृत्रिम फेरूलसह करून घ्या. मूळ शाफ्टविना संग्राहकांच्या लेखी क्यूचे मोल उतरते, याची मला कल्पना आहे; जप्त झालेल्या क्यूचे तेवढेही राहत नाही.

बाकी गोष्टी तुमच्या निवासाच्या देशावर अवलंबून आहेत. अनुच्छेद १४ ने प्रत्येक देशाला याहून कडक कायदा करण्याची मुभा दिली आहे, आणि तुमच्या देशात हस्तिदंताची आयात पूर्ण बंद असेल तर वरच्या प्रमाणपत्राचाही बहुधा उपयोग नाही. म्हणून अर्जापूर्वी तेथील वन्यजीव विभागाकडून लेखी उत्तर घ्या. हस्तिदंत २०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर चालते, असे कोणी सांगितले असल्यास ती अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांतील, आणखी अनेक अटी असलेली सवलत आहे. दुसरा देश तिला बांधील नाही.

प्रमाणपत्र क्यू निघण्यापूर्वी हातात हवे, कारण मागाहून काढलेली कागदपत्रे सहसा स्वीकारली जात नाहीत. सामान तपासणीत ‘प्लास्टिक आहे’ असे सांगण्याचा सल्ला नातेवाइकाला देऊ नका. बटाच्या चकतीवर भिंग धरले की एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, आणि ती ओळखायला अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही. प्राधिकरणाचे उत्तर येण्यास कित्येक महिने लागू शकतात. तोवर क्यू पेटीतून हलवू नये, असे त्याला कळवा.