गॅरेजमध्ये सांगितलेल्या खर्चापेक्षा बिल खूप जास्त आलं तर काय करायचं?

आधी पैसे देऊ नका आणि आवाजही चढवू नका, जॉब कार्ड मागा. गाडी दिली तेव्हा त्यावर जे काम लिहिलं होतं आणि बिलात जे आहे ते एकेक ओळ जुळवून बघा, जे जास्तीचं आहे त्याबद्दल सरळ विचारा की हे करायला माझी परवानगी कोणी घेतली, फोन कधी केला.

दुसरं म्हणजे बदललेले जुने पार्ट बघायला मागाच. ब्रेक पॅड बदलले म्हणतात ना, मग जुना पॅड हातात घ्या, नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी जाड असतं आणि ३ मिमीच्या आसपास आलं की बदलतात, त्यामुळे जुना अजून ७-८ मिमी असेल आणि तडा किंवा तेल लागल्याचं काही दिसत नसेल तर घाई कशाची होती हे त्यांनी सांगायला हवं. जुना पार्ट दाखवताच आला नाही तर मला तरी ते पटत नाही. किरकोळ सामान किंवा कन्झ्युमेबल्स या नावाखाली मोठी रक्कम असेल तर त्याचीही फोड मागा.

आता खरंच एखादं काम गाडी उघडल्यावरच कळतं, गंजलेला बोल्ट तुटतो, हे मान्य, पण तेव्हा एक फोन करायला काय जातं?

गाडी अडवून ठेवली तर बिलावर ‘वादग्रस्त रक्कम, हरकत नोंदवून भरली’ असं लिहून सही करा, फोटो काढा, मग ग्राहक तक्रारीचा रस्ता मोकळा राहतो.